घोडी रवंथ करत नाही

आमच्या गल्लीत शिंप्याची एक शेळी होती. तिनं एकदा मास्तरांची छत्री काड्यांसकट खाल्ली, आणि त्यानंतर आभाळ भरून आलं की तिचं पोट आपसूक उघडायचं. मास्तर तिच्याच आडोशाला उभे राहायचे. ही गोष्ट मी सांगितली की सगळे हसायचे. हसायची नाही ती एकटी, आमच्या समोरच्या घरातली म्हातारी, गाडीवानाची आई. "पोटाची थट्टा करू नये," एवढं म्हणायची आणि पुन्हा गोठ्याकडे कान लावून बसायची.

कान लावून म्हणजे खरंच कान लावून. दिवेलागणीला गोठ्याच्या उंबऱ्याशी तिची बाज पडायची. आत गाडीची बैलजोडी बसलेली असायची, थोरला आणि धाकटा. दोघांची रवंथ सुरू झाली, कचर कचर असा संथ आवाज अंधारातून येऊ लागला, की म्हातारीचे खांदे खाली यायचे. मग ती जेवायची. आवाज आला नाही तर ताट तसंच.

गल्लीत कुणाच्या जनावरानं रवंथ सोडली की बोलावणं हिला. तिचा एकच उपाय होता, उसनी रवंथ. शेजारचं एखादं धडधाकट जनावर बघायचं, त्याच्यासमोर उकिडवं बसायचं, आणि मानेवर नजर ठेवायची. पोटातून गोळा वर चढताना मानेच्या कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं. तो तोंडात पोचला रे पोचला की म्हातारीचा हात जबड्याच्या कोपऱ्यातून आत, जीभ बाजूला, आणि ऊन ऊन हिरवा गोळा बाहेर. तोच आजारी जनावराच्या तोंडात. पुष्कळ जनावरं त्यावर उठली. एक म्हैस तर दुसऱ्या दिवशी येऊन रवंथ परत करून गेली, असं मी सांगत असे. म्हातारीच्या उजव्या हाताला मात्र कोपरापर्यंत तो आंबूस वास कायमचा मुरला होता. साबणानं जायचा नाही.

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. वरच्या वस्तीच्या विहिरी तळाला गेल्या, आणि खालच्या तळ्यातून टाकी भरून वर न्यायचं काम गाडीवानाला लागलं. वैरण तर दिसेना. जनावरं उकिरड्यावर तोंड घालू लागली. उन्हाळ्याच्या तोंडाला थोरल्यानं रवंथ सोडली. म्हातारीनं धाकट्याच्या तोंडातली रवंथ काढून त्याला दिली, एकदा दिली, पुन्हा दिली. तो गेला. फाडून पाहिलं तर पहिल्या पोटात, त्या मोठ्या पखालीत, प्लास्टिकच्या पिशव्यांचा पिळून बसलेला गोळा. म्हातारीनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "कानांनी दगा दिला," म्हणाली. आवाज आधीच मंद झाला असणार आणि आपल्याला तो उशिरा कळला, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

एकटा धाकटा गाडी ओढेना. जू बघितलं की खाली बसायचा. टाकी अंगणात तापत पडली. वरच्या वस्तीवरचा मुकादम ट्रॅक्टरवाल्याशी बोलणी करायला लागला होता. तेव्हा सुनेनं आपल्या बापाची घोडी मागून आणली.

सुनेचा बाप घोडागाडीवाला. उतारावर गाडी उलटून त्याची मांडी मोडली होती, पाय प्लास्टरमध्ये होता. घोडी दारात बांधून ठेवण्यापेक्षा लेकीकडे कामाला राहील म्हणाला. तिचा दोर जावयाच्या हातात देताना खाटेवरूनच त्यानं बजावलं, "थोडं थोडं, पुन्हा पुन्हा घालायचं. पाणी आधी, चारा मग. आणि चाकराला सांगतात तसं सांगतोय म्हणून राग मानू नका. ही घोडी म्हणजे माझे पाय आहेत. हाड जुळलं की मी तिकडे येणार आणि हिच्यामागे बसून परत येणार."

घोडी लालसर, कपाळावर पांढरा ठिपका, वयानं जरा पोक्त. दोन दिवसांत गाडीला रुळली. टाकी घेऊन चढ चढताना तिची मागची मांडी थरथरायची, पण थांबायची नाही. वरच्या बायका घागरी घेऊन पुढे यायच्या. सगळं ठीक होतं. बिनसलं ते संध्याकाळी, बाजेवर.

गोठ्यात आता अर्धाच आवाज. धाकटा बसून चावत असे. घोडी उभी. तोंड मिटलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

"बसत कशी नाही ही?" म्हातारी मुलाला म्हणाली.

"उभ्यानं झोपते."

"झोपू दे की. पण खाल्लेलं चावायचं कधी?"

गाडीवानानं टाकीचा नळ घट्ट करायला घेतला. त्याला मुळात दोन बायकांच्या मध्ये बोलायची सवय नव्हती. घरात तो पाण्यासारखा राहायचा, जिकडे उतार तिकडे.

मग सुनेच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण निघालं. जाताना ती नवऱ्याला उंबऱ्यात उभी करून म्हणाली, "आईंना सांगा. थोडं थोडं. पाणी आधी. आणि वैरणीचं जाड बूड हिला नको. विसरू नका."

"नाही गं."

तो विसरला नाही. त्यानं फक्त सांगितलं नाही.

सून गेली त्याच संध्याकाळी म्हातारी घोडीपुढे उकिडवी बसली. मानेवर नजर. बराच वेळ गेला. मानेखालून काही वर चढलं नाही. म्हातारीनं घोडीचं तोंड हुंगलं, कान चाचपले, मग उठून पाण्याची बादली उचलून बाहेर ठेवली. रवंथ सुटलेल्या जनावराला पाणी द्यायचं नाही, पोट फुगतं, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. पोट रिकामं म्हणून रवंथ येत नसेल, असं धरून तिनं कोपऱ्यात जपून ठेवलेली जाड वैरण, बुडखे-बिडखे सगळी, घोडीपुढे ढीग करून ओतली. एवढी वैरण त्या उन्हाळ्यात कुणी कुणाला दिली नव्हती. धाकट्याच्या तोंडची काढून दिली होती ती. आणि सकाळी त्याच धाकट्याच्या जबड्यातून हिरवा गोळा काढून घोडीच्या ओठात सरकवला.

घोडीनं तो जिभेवर फिरवला, वरचा ओठ आभाळाकडे उलटा केला आणि थुंकून टाकला.

"नखरे बघ," म्हातारी म्हणाली. "उष्टं चालत नाही बाईंना."

असं सून तिसऱ्या दिवशी परत येईपर्यंत चाललं. तळ्यावर टाकी भरताना घोडी पाण्याकडे ओढायची, तर गाडीवान लगाम आवरायचा. आईनं पाणी देऊ नको म्हटलं होतं.

सून सकाळच्या पहिल्या गाडीतून उतरली. एरवी तिच्या पायांचा आवाज आला की घोडी नाकातून फुरफुरायची. आज फुरफुरली नाही. सून पिशवी तशीच हातात घेऊन गोठ्यात शिरली.

घोडी पुढच्या पायानं जमीन उकरत होती. मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होती, जणू तिथे कुणी हाक मारतंय. घामानं मान काळी पडली होती.

"लीद कुठाय?"

गाडीवान जू पुसत होता. "आईनं झाडली असेल."

"आई, लीद कधी पडली शेवटची?"

म्हातारी केरसुणी घेऊन आली. "पडली असेल काल. की परवा. एवढीशी, खडे-खडे."

"आणि बादली कोरडी?"

"मीच काढली. रवंथ सुटलेल्या जनावराला पाणी देतात का?"

"आई, घोडी रवंथ करतच नाही."

"तेच म्हणतेय मी. तू होतीस तेव्हापासून नाही करत. मी बघत होते, बोलले नाही, म्हटलं माहेरचं जनावर आहे, हिला वाईट वाटेल."

"जन्मापासून नाही करत ती. तिची आईही करत नव्हती. कुठलीच घोडी करत नाही!"

म्हातारीनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की व्याह्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आजारीच जनावरं पाळतात की काय.

सुनेनं पिशवी खाली टाकली आणि घोडीच्या कुशीला कान लावला. आधी एका बाजूनं. मग पोटाखालून वाकून दुसऱ्या बाजूनं. पदर घामानं ओला झाला. ती सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा असा होता, की गाडीवानानं हातातलं जू खाली ठेवलं.

"काय?"

"गप्प आहे," ती म्हणाली. "आत काहीच नाही. एवढ्याशा कुशीत नेहमी बाजार भरलेला असतो. आज गप्प आहे." मग नवऱ्याकडे वळून, आवाज न चढवता, "सांगितलं होतं ना तुम्ही आईंना?"

"मी सांगणारच होतो."

"कधी? तेराव्याला?"

म्हातारीला हे ऐकू गेलं. केरसुणी तिच्या हातातच राहिली.

तेवढ्यात घोडीचे पुढचे गुडघे वाकले. सून ओरडली, "बसू देऊ नका! लोळली तर आतडं पिळतं!" दोघांनी मिळून तिला बाहेर ओढलं. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. तो तीन वस्त्यांपलीकडे कुणाच्या गाईच्या अडलेल्या वासराशी झुंजत होता, म्हणाला, चालवत ठेवा, लोळू देऊ नका, तोंडाला काही लावू नका, मी निघतो.

चालवायला सुरुवात झाली. आमची गल्ली ती केवढी. घरापासून पिंपळापर्यंत आणि परत. ऊन चढलं. दगडांना हात लागेना. सून पुढे दोर धरून, गाडीवान मागे फोक घेऊन, आणि मधे घोडी, पाय फेंगडे टाकत, दर थोड्या वेळानं लोळायला जागा शोधत. मी ओट्यावरून उठून माझ्या परीनं गल्लीतले दगड बाजूला केले. दुसरं काय करणार? माझ्या थापांनी कुणाचं पोट सुटल्याचं ऐकिवात नाही.

वरच्या वस्तीवर टाकी गेली नाही. थोड्या वेळानं बायका रिकाम्या घागरी घेऊन खालीच आल्या. एकीचा आवाज जाड होता, ती पुढे झाली.

"काय हो गाडीवान, आज घोडी फिरायला काढली? आमची पोरं वर जिभा बाहेर काढून बसलीत."

"तिचं पोट धरलंय, ताई."

"आमचे घसे धरलेत, त्याचं काय?"

मुकादमही आला, छत्री घेऊन. त्यानं घोडीकडे पाहिलं, गाडीवानाकडे पाहिलं. "बैल गेला, आता ही. तुझ्या गोठ्यालाच काही लागलंय का रे? ट्रॅक्टरवाला विचारत होता, उद्यापासून येऊ का म्हणून. उद्या सकाळी तुझी टाकी दिसली नाही तर मी काय सांगू त्याला?"

गाडीवान खाली बघत चालत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

अशात म्हातारी घरातून बाहेर आली. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात बैलांना औषध पाजायचं बांबूचं नळकांडं, टोकाला तिरपं कापलेलं. आयुष्यभर तिनं याच नळकांड्यानं जनावरं वाचवली होती. ती थेट घोडीसमोर उभी राहिली.

"तोंड वर कर तिचं."

"नाही," सून म्हणाली.

"अगं तेल गेलं की सुटेल. डोकं धर."

"आई, बाजूला व्हा. डॉक्टर म्हणाले तोंडाला काही लावू नका. चुकून फुप्फुसात गेलं तर संपलं. आणि नको ते पोटात गेलं तर हिला ओकून टाकता येत नाही. घोड्याला ओकताच येत नाही, आई! आत गेलेलं मागल्याच वाटेनं जाणार, दुसरी वाटच नाही!"

"ओकता येत नाही?" म्हातारी थबकली. बैल गोळा वर आणतो, कुत्रं ओकतं, मांजर ओकतं, कोंबडीचं वाळूनं भरलेलं पोट म्हणजे तर दळायचं जातंच. एक जनावर असं असावं ज्याला आपली चूक परत वर आणता येत नाही, हे तिच्या डोक्यात शिरेना. "थापा मारायच्या तर त्या समोरच्या म्हाताऱ्यानं माराव्या. धर डोकं."

तिनं नळकांडं उचललं. सुनेनं तिचं मनगट धरलं. घागरीवाल्या बायका दोन पावलं मागे सरल्या. म्हातारीच्या हातात अजून ताकद होती. बैलांचे जबडे उघडून कमावलेली. दोघींचे हात वरच अडकून राहिले, बाटलीतलं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. गाडीवान मागे फोक घेऊन उभा. त्याच्याकडे दोघींनीही पाहिलं.

तो पुढे आला. आईच्या हातातून नळकांडं काढून घेतलं, गुडघ्यावर ठेवून मोडलं, आणि दोन्ही तुकडे गटारात टाकले. मग काय केलं ते त्यालाच कळून तो घाबरला.

म्हातारी रिकामी बाटली ओट्यावर ठेवून गोठ्यात गेली आणि धाकट्याशेजारी जमिनीवर बसली. धाकटा आरामात रवंथ करत होता. त्याला कशाचंच काही नव्हतं.

ऊन कलायच्या आधी सुनेचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं आणि दोर नवऱ्याकडे दिला.

"हं बाबा."

फोनमधला आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. घोडागाडीवाल्यांना हळू बोलता येत नाही. प्लास्टर परवा कापतायत, तो सांगत होता. मग तिकडे येतो. "कशी आहे आमची बाई?"

"बरी आहे."

"तिच्या कानाला लाव."

सुनेनं आमच्याकडे पाहिलं. मग फोन घोडीच्या कानाला लावला. आतून जीभ टाळ्याला लावून काढलेला आवाज आला, टक टक टक, आणि मग लांब शीळ. एवढ्यावर ती घोडी रात्री-बेरात्री खूर आपटून ओरडायची म्हणे. आज तिचा कान हलला. बस, कानच. डोकं वर झालं नाही.

"का गं बोलत नाही?"

"तोंड भरलंय तिचं, बाबा. खातेय."

पलीकडून पुन्हा एकदा टक टक आलं. "बरं," तो म्हणाला. "खाऊ दे."

फोन ठेवल्यावर सुनेनं घोडीच्या मानेत तोंड घातलं आणि तशीच चालत राहिली.

डॉक्टर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर गाईचं रक्त वाळलेलं होतं. उंच, घाईघाईचा माणूस. त्यानं हिरड्या दाबून पाहिल्या, कुशीला नळी लावून दोन्हीकडून ऐकलं, आणि खांद्यापर्यंत मोजा चढवून घोडीच्या मागे उभा राहिला. हात आत गेला. तो डोळे मिटून काहीतरी शोधत होता.

गोठ्याच्या दारातून म्हातारी बघत होती. त्याचा हात आत जसजसा गेला तशी ती एक-एक पाऊल पुढे आली.

"इथे," डॉक्टर म्हणाला. "मळलेल्या कणकेसारखा गोळा बसलाय. वाळका. काय खायला घातलं?"

गाडीवान दोराची गाठ चाचपू लागला.

"बुडखे," म्हातारी म्हणाली. "मी घातले. पाणी मी तोडलं. माझ्या हातानं."

डॉक्टरनं तिच्याकडे वळून पाहिलं. हात अजून आतच होता. "बैलवाल्या का तुम्ही?"

"जन्मापासून. माझा हात पुढून जातो, तुमचा मागून गेला."

त्याही स्थितीत डॉक्टरच्या ओठाचा कोपरा हलला. "आजी, बैलाची भट्टी पुढे असते. भरभर गिळतो, मग निवांत वर आणून चावतो, चार पोटांतून गाळतो. बुडखे त्याला पचतात. हिचं पुढचं पोट लहान. चावायचं ते एकदाच, पहिल्याच खेपेला. आंबवायचं मोठं पोतं पार मागे. मध्ये वळणं. तिथे वाळलेलं अडकलं की पुढचं सगळं थांबतं."

"जगेल?"

"लीद पडली तर."

घोडीच्या नाकपुडीतून लांब नळी आत सरकवली. ती पोटात उतरेपर्यंत सुनेनं घोडीचं डोकं छातीशी धरून ठेवलं. डॉक्टरनं टोक हुंगलं, फुंकलं, ऐकलं, मग नरसाळं बसवलं. "हे कुणीतरी डोक्यावर धरून ठेवा. खाली आलं तर सगळं वाया."

गाडीवानाच्या हातात दोर होता, सुनेच्या हातात घोडीचं डोकं. म्हातारीनं नरसाळं घेतलं. टाचा उचलून, दोन्ही हात डोक्यावर. डॉक्टर घरातल्या पिंपातलं कोमट पाणी आणि तेल ओतत गेला. बादली संपली की दुसरी. ओतता ओतता एकदा म्हणाला, आजी हात दुखत असतील तर बदलू. म्हातारीनं मान हलवली. दंडाची सैल कातडी हलत होती, मनगटावरून तेल काखेत उतरत होतं. ती घोडीच्या डोळ्यात बघत होती आणि घोडी तिच्या.

दुखण्याचं इंजेक्शन देऊन डॉक्टर निघाला. अजून कुठे तरी एक शेळी युरियाची पोतडी चाटून बसली होती. "पाणी ठेवा समोर. चारा अजिबात नको. थोडं चालवा, थोडं उभं करा. सकाळपर्यंत कळेल. नाही पडली तर मला फोन करा," एवढं बोलून पायरीवर थांबला, "पण मग माझ्याही हातात फार राहणार नाही."

ती रात्र मी सांगत नाही. आमच्या गल्लीत कुणी जेवलं नाही एवढंच. जेवायची भीतीच वाटत होती. आपल्या घशाखाली उतरतंय आणि त्या घोडीच्या नाही, असं काहीसं.

उजाडलं तेव्हा सून ओट्याच्या खांबाला टेकून उभ्यानंच झोपली होती, अगदी घोडीसारखी. गाडीवान टाकीखाली आडवा. आणि दोर म्हातारीच्या हातात होता. कधी घेतला कुणास ठाऊक. पिंपळापर्यंत जात होती, वळत होती, परत येत होती. बोलत होती तिच्याशी. बैलाशी बोलतात तसं नाही, सुनेशी बोलतात तसं, जरा तुटक.

"चल. मला नाही कळत तुझं. चल तरी."

वरच्या वस्तीच्या बायका उतारावरून येताना दिसल्या. मागे मुकादमाची छत्री. त्याच्यामागे ट्रॅक्टरचा आवाज. घोडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. म्हातारीनं दोर ओढला. घोडी हलेना. मागचे पाय रुंद टाकले, पाठ वाकवली, शेपूट बाजूला केलं.

"लोळतेय का? सूनबाई! अगं ऊठ!"

सून दचकून पळत सुटली. मुकादम थांबला. बायका थांबल्या. ट्रॅक्टरवाल्यानं कशासाठी थांबायचं ते न कळताही इंजिन बंद केलं.

धप्.

तेलानं चकचकीत, काळपट, गोळ्यांची एक माळ. मग पुन्हा धप्. मग एक लांब, मोकळा, असा वारा सुटला की वरच्या वस्तीतल्या बंद पडलेल्या विहिरीचा रहाट त्यानं फिरला. हे मी थोडं वाढवून सांगतोय. पण मुकादमाची छत्री उलटी झाली, ती मी पाहिली.

म्हातारी खाली बसली. एक गोळा उचलून दोन्ही हातांनी फोडला. आत तिच्याच वैरणीचे बुडखे, पचायला नाही म्हणत बसलेले. तिनं तो हुंगला. उजव्या हाताचा जुना वास होता, त्यावर हा नवा बसला.

"पडली," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. मग जाड आवाजाच्या बाईकडे वळून, "पडली हो ताई! आज जरा उशिरा येईल टाकी, पण येईल."

"ही ओढणार आज?" मुकादम छत्री सरळ करत म्हणाला.

"ही नाही. आज मी जू धरून चालते, धाकटा माझ्याबरोबर चालेल. बसला तर मी बघते त्याच्याकडे."

"म्हातारपणी बैल होता का आई?" जाड आवाजाची बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मग तिनंच घागर खाली ठेवून पदर खोचला. "चला, मी मागून लावते जोर."

ट्रॅक्टरवाला जरा वेळ बसून राहिला आणि मग तिथूनच वळवून गेला.

टाकी वर पोचली तेव्हा दुपार टळली होती. धाकटा म्हातारीच्या शेजारी निमूट चालला होता. तिला बैलाची भाषा येत होती, ती विसरली नव्हती.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. सून घोडीला पाणी दाखवत होती, म्हणून म्हातारीनं उचलला. तिला फोन धरता येत नसे. कानापासून वीतभर लांब, आरशासारखा धरायची.

"व्याहीबुवा, घोडीनं लीद टाकली."

पलीकडे खाट करकरली. मग तो मोठा आवाज, आज मात्र जरा फाटलेला. "कधी?"

"सकाळी. तुमची मुलगी काल तुम्हाला..."

"मला कळलं होतं, विहीणबाई. तोंड भरलं म्हणून ती घोडी गप्प राहणारी नाही. लहानपणापासून तोंडात घास घेऊन बोलते. रात्रभर दारात पाय लांब करून बसलो होतो. यायला निघालो होतो, पण निघणार कशावर?"

म्हातारीनं फोन घोडीच्या कानाला नेऊन लावला. टक टक टक, मग शीळ. घोडीनं डोकं झटकलं, नाकातून असा फुर्रर्र आवाज काढला की म्हातारीच्या तोंडावर पाण्याचे थेंब उडाले.

"माझ्या हातून मरत होती ती," म्हातारी फोनमध्ये म्हणाली. "मीच मारत होते."

"हं," तो म्हणाला. "उद्या प्लास्टर कापतायत, परवा येतो. आता थोडं थोडं घाला."

"थोडं थोडं. पाणी आधी."

दिवे लागले. गोठ्याच्या उंबऱ्याशी बाज पडली. आत धाकट्याची कचर कचर सुरू झाली. सुनेनं ताट आणून बाजेच्या कडेला ठेवलं. म्हातारीनं ते तसंच ठेवलं आणि उठली. घोडीजवळ जाऊन उभी राहिली, पण काय करायचं ते समजेना तशी.

"इथे," सून म्हणाली. तिनं सासूचं डोकं धरून घोडीच्या कुशीला लावलं. "तोंडात नाही ऐकायचं हिचं. इथे ऐकायचं."

म्हातारीनं डोळे मिटले. घोडीनं शेपूट एकदा तिच्या पाठीवरून फिरवलं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, गालावर घोडीचे केस चिकटलेले, तोंड जरासं उघडं.

"आई, जेवण निवतंय."

"थांब गं," म्हातारी म्हणाली. "जातं चालू आहे आत. बोलू नको मध्येच."